मुद्दाम केलं, की माहीत होतं?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला, ‘चूक कोणाची?’. या प्रश्नाचा निवाडा हल्ली आपण रोज उभ्याउभ्या करतो. पूल कोसळला, गाडीने माणसं चिरडली, सिरपमध्ये विष निघालं. चौकशी समितीची पहिली बैठक व्हायच्या आत आपला निकाल तयार असतो. हा निकाल आपल्या डोक्यात तयार होतो तरी कसा, हे कोणीतरी जाऊन बघावं, अशी संपादकांची इच्छा होती.

याच प्रश्नाच्या मागे लागलेली तत्त्वज्ञानाची एक शाखा गेल्या पंचवीस वर्षांत उभी राहिली आहे. तिला प्रायोगिक तत्त्वज्ञान म्हणतात. ‘अशा वेळी माणसाला असं वाटतं’ असं खुर्चीत बसून लिहिण्याऐवजी ही मंडळी रस्त्यावरच्या माणसाला गाठून विचारतात, बाबा रे, तुला काय वाटतं? त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रश्न एका कंपनीच्या अध्यक्षाबद्दलचा आहे. तो विचारायचा तर जिथे बाकी कशाहीपेक्षा कंपनीचंच बोलणं जास्त चालतं अशा गावात विचारावा, म्हणून मी मानेसरला गेलो.

कंपन्यांचं गाव

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की गुरुग्रामच्या काचेच्या इमारती हळूहळू मागे पडतात आणि अरवलीच्या झिजलेल्या टेकड्या दिसू लागतात. मानेसरची बाहेरच्या जगाला ओळख दोन-तीन कारणांनी आहे. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा, म्हणजे ब्लॅक कॅट कमांडोंचा तळ इथे आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही इथलंच. आणि हरियाणा सरकारच्या औद्योगिक महामंडळाने वसवलेली ‘आयएमटी’, म्हणजे औद्योगिक वसाहत आहे, सेक्टरांत कापलेली. तिच्या आठव्या सेक्टरात मारुती सुझुकीचा कारखाना आहे, २००७ पासून गाड्या काढणारा. पलीकडे होंडाच्या दुचाक्या होतात. या मोठ्या नावांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये पाटी वाचूनही काय बनतं ते कळणार नाही असे शेकडो लहान कारखाने आहेत. कोणी बिजागरी बनवतं, कोणी सीटच्या खालची पट्टी, कोणी सायलेन्सरचा पत्रा.

कामगार राहतात ते आसपासच्या गावांत. अलियर, ढाणा, कासन, खोह. ज्यांच्या जमिनी संपादनात गेल्या त्या गावकऱ्यांनी उरलेल्या जागेवर दोन-तीन मजली खोल्या चढवल्या. एका खोलीत तिघे-चौघे, मजल्याला एक नळ आणि खाली घरमालकाचंच किराणा दुकान. भाडेकरू बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशाचे. क्वचित एखादा मराठी माणूस भेटतो तो बहुधा चाकणहून बदली होऊन आलेला अभियंता. मला भेटलेला मूळचा साताऱ्याचा, एका मोठ्या कंपनीच्या गुणवत्ता विभागात. सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांकडे तपासणीला जाणं हे त्याचं काम. ‘सर, तुमचा प्रश्न नीट विचारायचाय ना? मग आमच्या गेटवर नका विचारू,’ तो म्हणाला. ‘आमच्याकडं सगळं कागदोपत्री बरोबर असतं. तुम्ही प्रेसशॉपवाल्यांना विचारा.’

बागेतला प्रश्न

प्रेसशॉपकडे जाण्याआधी मूळ प्रश्न सांगायला हवा. २००३ मध्ये जोशुआ नोब या तरुण अमेरिकी संशोधकाने चार पानांच्या आसपास भरेल असा एक लेख छापला. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या एका बागेत बसलेल्या ७८ लोकांना त्याने एक गोष्ट वाचायला दिली होती. कंपनीचा उपाध्यक्ष अध्यक्षांकडे येतो आणि सांगतो की नवी योजना आहे, नफा वाढेल, पण पर्यावरणाचं नुकसान होईल. अध्यक्ष म्हणतात, पर्यावरणाशी मला काही देणंघेणं नाही, मला नफा हवा, सुरू करा. योजना सुरू होते, नुकसान होतं. आता सांगा, अध्यक्षांनी पर्यावरणाचं नुकसान मुद्दाम केलं का?

८२ टक्के लोक म्हणाले, हो, मुद्दाम केलं.

निम्म्या लोकांना मात्र हीच गोष्ट एक शब्द बदलून दिलेली होती. योजनेने पर्यावरणाचं भलं होणार आहे. अध्यक्षांचं उत्तर तेच, पर्यावरणाशी देणंघेणं नाही, नफा हवा, सुरू करा. भलं होतं. अध्यक्षांनी ते मुद्दाम केलं का? इथे ७७ टक्के लोक म्हणाले, छे, मुद्दाम कसलं.

दोन्हीकडे माणूस तोच, त्याची बेफिकिरी तीच, त्याला असलेली माहितीही तीच. बदलला तो फक्त परिणाम. आपली समजूत अशी असते की ‘मुद्दाम केलं का’ हे आधी ठरतं आणि त्यावरून दोष ठरतो. पोलीस ठाण्यापासून शाळेच्या वर्गापर्यंत सगळीकडे हाच क्रम गृहीत धरलेला असतो. नोबच्या बागेतल्या लोकांनी तो क्रम उलटा करून दाखवला. वाईट झालं हे त्यांच्या मनाने आधी नोंदवलं आणि अध्यक्षांच्या मनात काय होतं ते नंतर ठरवलं.

हा फक्त इंग्रजीचा खेळ असेल अशी शंका लगेच निघाली. तेव्हा नोब आणि अरुद्र बुर्रा यांनी हाच प्रश्न हिंदी भाषकांना हिंदीत विचारला आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. ‘जानबूझकर’ केलं का, या प्रश्नालाही लोकांचा कल तसाच आला.

डबल

आता प्रेसशॉप. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं यंत्र. खाली डाय, वर पंच. कामगार पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, पायाने पेडल दाबतो किंवा हाताने बटण, वरून काही टनांचा दाब उतरतो, तुकड्याची पट्टी किंवा वाटी होते, ती काढायची, पुढचा तुकडा ठेवायचा. एका पाळीत हे हजारो वेळा. म्हणजे हाताचा पंजा हजारो वेळा त्या जबड्यात जातो आणि बाहेर येतो. म्हणूनच यंत्राला दोन साध्या सोयी असायला हव्यात. एक, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय पंच उतरू नये. दोन, समोर प्रकाशकिरणांचा पडदा असावा, ज्याला इथे सगळे नुसतं ‘सेन्सर’ म्हणतात. हात आत असला की यंत्र थांबतं.

सेन्सरची अडचण अशी की तो काम अडवतो. हात जरा रेंगाळला की यंत्र बंद, आणि आकडा मागे पडतो. म्हणून तो बंद करून ठेवला जातो, काढला जातो, किंवा जुन्या यंत्राला बसवलेलाच नसतो. त्यातून क्लच झिजलेला असेल तर पेडल एकदा दाबल्यावर पंच दोनदा उतरतो. कामगारांच्या बोलीत ‘मशीन ने डबल मार दिया’. दुसऱ्या वेळी डायवर पत्रा नसतो, तो काढायला गेलेला हात असतो.

मानेसर-गुरुग्राम पट्ट्यात अशा जखमी कामगारांसाठी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था काम करते. २०१९ पासून ती दरवर्षी ‘क्रश्ड’, म्हणजे चिरडलेले, या नावाचा अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत बोटं गमावलेल्या हजारो कामगारांना संस्थेने मदत केली आहे. वर्षानुवर्षांच्या अहवालांत त्याच गोष्टी पुन्हा येतात. निम्म्याहून जास्त वेळा यंत्र पॉवर प्रेसच असतं. आणि पुष्कळांना ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड मिळतं ते अपघात झाल्यावर, घाईघाईने.

अलियरच्या एका चहाच्या टपरीवर मला असा एक तरुण भेटला. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. चहाचा ग्लास त्याने अंगठा आणि करंगळी यांच्यात इतक्या सराईतपणे धरला होता की पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नाही. सेन्सर नव्हता हे मालकाला माहीत होतं का? होतं. सुपरवायझरला? त्यानेच तर सांगितलं होतं, ‘प्रोडक्शन निकालो’. मग मालकाने तुझी बोटं मुद्दाम घालवली?

तो थोडा वेळ बघत राहिला. ‘जानबूझ के थोड़ी किया,’ तो म्हणाला. ‘लेकिन पता तो था.’

त्याच्या शेजारी बसलेल्या खोलीतल्या साथीदाराला हे अजिबात पटलं नाही. त्याचं म्हणणं, माहीत असून केलं म्हणजे मुद्दामच केलं, यात दुसरं काय असतं? दोघांची जुंपली. मग मी प्रश्न उलटा केला. समजा मोठ्या कंपनीचं ऑडिट आलं, म्हणून मालकाने सेन्सर बसवला आणि त्यामुळे कोणाची तरी बोटं वाचली. मालकाने ती मुद्दाम वाचवली का? यावर मात्र दोघांचं क्षणात एकमत झालं. ‘वो तो ऑडिट के लिए लगाया,’ दोघंही हसत म्हणाले.

बोटं गमावलेलाच मालकाच्या बाबतीत मवाळ का, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. पुढे बोलता बोलता तो म्हणाला की त्या रात्री डबल ड्यूटी होती, डुलकी आली होती, ‘गलती मेरी भी थी’. मानसशास्त्रात मेल्विन लर्नर या संशोधकाने १९६० च्या दशकात मांडलेली एक कल्पना आहे: जग न्यायाने चालतं असा विश्वास माणूस सहजी सोडत नाही, आणि तो टिकवण्यासाठी ज्याच्यावर आपत्ती आली त्याच्याकडेच बोट दाखवतो. लर्नरचे प्रयोग बघ्यांवर होते. पण ज्याला उद्या पुन्हा त्याच गल्लीत काम मागायला जायचं आहे, त्याला स्वतःचीच चूक मान्य करणं सोयीचं पडतं. मालकाला दुष्ट ठरवलं तर तिथे परत उभं कसं राहायचं?

एका संध्याकाळच्या दोन गोष्टी

मानेसरमध्ये ‘मुद्दाम’ या प्रश्नावर सगळ्यात मोठा तंटा झाला तो १८ जुलै २०१२ च्या संध्याकाळचा. मारुतीच्या कारखान्यात त्याआधीचं वर्षभर धुसफूस होती. २०११ च्या जूनमध्ये स्वतंत्र युनियनसाठी तेरा दिवस संप झाला. ऑगस्टच्या अखेरीस चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही केल्याशिवाय आत येऊ देणार नाही, असं व्यवस्थापनाने सांगितलं. साडेसात मिनिटांची चहाची सुट्टी आणि तेवढ्यातच लघवीला जाऊन परत येणं, ही कामगारांची तक्रार तेव्हा देशभर पोहोचली होती. २०१२ मध्ये युनियनची नोंदणी झाली. जुलैत एका सुपरवायझरची आणि कामगाराची बाचाबाची झाली, कामगाराला निलंबित केलं, बोलणी चालू असताना मारामारी सुरू झाली आणि आग लागली. मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक अवनीश कुमार देव त्यात मरण पावले. अनेक अधिकारी जखमी झाले. कामगारांशी बरे संबंध असलेले अधिकारी अशी देव यांची ओळख होती, हे कामगारांनीच तेव्हा वार्ताहरांना सांगितलं होतं.

त्या संध्याकाळच्या दोन गोष्टी आजही मानेसरमध्ये ऐकायला मिळतात. कंपनीचं म्हणणं, हिंसा ठरवून केली. युनियनचं म्हणणं, जातिवाचक शिवी देऊन भांडण उकरून काढलं, बाउन्सर आणले, युनियन मोडायला सगळं ठरवून केलं. ‘ठरवून’ हा आरोप दोन्ही गोष्टींत आहे. इतकं मोठं वाईट झालं, तर त्यामागे तेवढाच मोठा बेत असलाच पाहिजे, असं दोन्ही बाजूंच्या मनाने धरलं. भांडण हाताबाहेर गेलं, ही तिसरी गोष्ट कोणालाच पुरेशी वाटली नाही.

१४८ कामगारांना अटक झाली. ५४६ कायम कामगार आणि त्याहून कितीतरी जास्त कंत्राटी कामगार काढले गेले. मे २०१३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना, अशा घटनांनी परदेशी गुंतवणूकदार बिचकतील अशीही नोंद केली. १० मार्च २०१७ रोजी गुरुग्रामच्या सत्र न्यायालयाने निकाल दिला. ३१ जण दोषी ठरले, त्यांतले १३ खुनाच्या आरोपाखाली. त्या १३ जणांना जन्मठेप झाली. ११७ जण निर्दोष सुटले. यातल्या अनेकांची दोन-तीन वर्षं तुरुंगात गेली होती.

या निकालातला एक तपशील कोणत्याही मानसशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. चार साक्षीदारांनी मिळून ८० हून अधिक कामगारांना दंगा करताना पाहिल्याचं सांगितलं. त्यांनी घेतलेली नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने होती. एका साक्षीदाराला ए ते जी अक्षरांचे कामगार दिसले, दुसऱ्याला जी ते पी, तिसऱ्याला पी ते एस, चौथ्याला त्यापुढचे. हजेरीपटावरून आरोपी उचलल्यासारखा हा प्रकार न्यायालयाच्या नजरेतून सुटला नाही आणि ते कामगार सुटले.

जमावाला दोष देताना आपलं मन जे करतं त्याची ही ढोबळ सरकारी आवृत्ती म्हणायची. ‘ते लोक’ हा एकच आरोपी मनात उभा राहतो आणि मग त्यात नावं भरली जातात. कायद्यालाही हा धोका माहीत आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३४ मध्ये समान इरादा आणि कलम १४९ मध्ये बेकायदा जमावाचा समान उद्देश अशा दोन वेगळ्या कसोट्या होत्या. आता भारतीय न्याय संहितेत त्या कलम ३ (५) आणि १९० मध्ये आल्या आहेत. नुसतं तिथे असणं आणि उद्देशात सामील असणं यांत फरक करायची जबाबदारी न्यायालयावर असते. चौकातल्या निवाड्यावर ती कोणी टाकलेली नसते.

कंपनीला दुखतं का?

मानेसरमध्ये ‘कंपनी’ सगळं करते. कंपनी निकाल देती है, कंपनी चाहती है, कंपनी को पता है. नोब आणि जेसी प्रिन्झ यांनी २००८ मध्ये नेमकं हेच तपासलं. एखादी कंपनी काहीतरी ‘ठरवते’, तिला काही ‘हवं असतं’, असं म्हणणं लोकांना खटकत नाही. कंपनीला ‘वाईट वाटलं’, कंपनी ‘दुखावली’ म्हटलं की मात्र खटकतं. म्हणजे सामान्य माणसाच्या हिशेबात कंपनीला हेतू असतो, पण काळीज नसतं.

या अर्ध्या मनाचा परिणाम दोषाच्या वाटपावर होतो. पत्र्याची पट्टी मोठ्या कंपनीच्या गाडीत बसते. ती बनवते पहिली व्हेंडर कंपनी, तिला माल देतो दुसरा व्हेंडर, त्याच्याकडे माणसं पुरवतो ठेकेदार, आणि ठेकेदाराचा माणूस प्रेसवर बसतो. वरून दर आणि तारीख खाली येते. सेन्सर बंद करायचा निर्णय वरच्या कुठल्याच मजल्यावर कोणी ‘घेतलेला’ नसतो. साताऱ्याच्या अभियंत्याने ते मोजक्या शब्दांत सांगितलं: ‘आम्ही रेट देतो, डेट देतो. सेन्सर काढा असं कोण म्हणतंय? पण त्या रेटला आणि त्या डेटला सेन्सर लावून माल निघत नाही, हे मला माहितीय, माझ्या साहेबाला माहितीय.’ नोबच्या गोष्टीत अध्यक्ष निदान ‘मला देणंघेणं नाही’ असं तोंडाने म्हणाले होते. इथे ते वाक्य कोणालाच उच्चारावं लागत नाही. त्यामुळे दोष उतरत उतरत शेवटी अशा जागी येऊन थांबतो जिथे एक चेहरा आहे. सुपरवायझर, आणि त्याच्याही खाली, डुलकी लागलेला ऑपरेटर.

चेहरा मिळाला की दोष कसा चिकटतो, हे मार्क अ‍ॅलिक यांनी १९९२ च्या प्रयोगात दाखवलं होतं. एक तरुण वेगाने गाडी चालवत घरी निघालाय, वाटेत अपघात होतो, त्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखं दुसरंही कारण आहे. तो आईवडिलांसाठी आणलेली भेटवस्तू लपवायला घाईत होता असं सांगितलं तर लोक अपघाताचं कारण त्याच्याकडे कमी देतात. कोकेन लपवायला चालला होता म्हटलं की त्याच वेगाला जास्त दोष देतात. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि जामीन देताना चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा उसळलेला संताप रास्तच होता. पण २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला असा संताप आला नाही. गाडी जुनी होती, चालक थकलेला होता, दोष ओतायला साजेसा चेहरा नव्हता.

भुवनेश्वर, म्हैसूर आणि कौशिक

ही सगळी अमेरिकी विद्यापीठांची देणगी आहे असं वाटत असेल तर थोडं थांबा. माणसांच्या नैतिक समजुती जाऊन विचारण्याची महत्त्वाची कामं भारतात झाली आहेत. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वरच्या लिंगराज मंदिराच्या परिसरात आणि शिकागोत ३९ प्रसंग लोकांसमोर ठेवले. त्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा भुवनेश्वरच्या ब्राह्मणांना सगळ्यात गंभीर अपराधांपैकी वाटला. शिकागोकरांना त्यात अपराध कुठे आहे हेच कळेना. सुतक पाळलेल्या मराठी वाचकाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी १९९२ मध्ये म्हैसूर आणि न्यू हेवन इथल्या लोकांपुढे एक पेच ठेवला. मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या पोहोचवायच्या आहेत, पाकीट चोरीला गेलंय, आणि शेजारच्या माणसाच्या कोटात रेल्वेचं तिकीट आहे. अमेरिकेतले बहुतेक म्हणाले, चोरी ती चोरीच. म्हैसूरच्या लोकांचा मोठा कल मित्राला दिलेला शब्द पाळण्याकडे होता. हे शैथिल्य नाही. नात्यातलं कर्तव्य हासुद्धा त्यांच्या लेखी कायद्याइतकाच कडक नियम होता.

आणि आपल्याकडे प्रयोगशाळा नव्हती तेव्हा महाभारत होतं. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला दोन गोष्टी सांगतो. कौशिक हा सत्यव्रती तपस्वी. दरोडेखोरांनी विचारलं तेव्हा लपलेल्या माणसांची जागा त्याने खरी सांगितली, ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. बलाक हा व्याध. म्हाताऱ्या आईवडिलांना पोसायला शिकार करणारा. पाणी पिणाऱ्या एका आंधळ्या श्वापदाला त्याने मारलं. ते प्राणिमात्रांचा संहार करायला निघालेलं होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. तरी तो स्वर्गाला गेला. कौशिकाचा निकाल नोबच्या बागेतल्या लोकांना पटला असता. बलाकाचा मात्र नाही, कारण न ठरवता झालेल्या भल्याचं श्रेय ते द्यायला तयार नव्हते. महाभारतकार या एका बाबतीत मॅनहॅटनपेक्षा उदार निघाले.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तलं कर्मजिज्ञासेचं प्रकरण अशाच पेचांनी भरलेलं आहे, त्यात शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरिओलेनसही येतात. टिळकांचा कौल स्पष्ट होता. बाहेरच्या परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ. अलियरच्या टपरीवर बसून हे आठवलं तेव्हा वाटलं, मालकाची बुद्धी कदाचित शुद्धही असेल. त्याने कोणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. त्याने कोणाचं काहीच चिंतलेलं नव्हतं, ही तर तक्रार आहे.

रूळ, गाडी आणि मेंदू

मानेसरमध्ये आणखी एक संस्था आहे, वाहनांची चाचणी घेणारी ‘आयकॅट’. गाड्या भिंतीवर आदळून बघायच्या, आतल्या बाहुल्यांना किती मार बसतो ते मोजायचं, असं तिचं काम. फिलिपा फुट यांनी १९६७ मध्ये मांडलेला आणि जुडिथ जार्विस थॉमसन यांनी पुढे नेलेला ट्रॉलीचा पेच, म्हणजे भरधाव गाडीच्या वाटेतल्या पाच जणांना वाचवायला एकाला मरू द्यावं का, तो आता स्वयंचलित गाड्यांच्या निमित्ताने अभियंत्यांच्या टेबलावर आला आहे. एमआयटीच्या ‘मॉरल मशीन’ या प्रयोगात २३३ देश आणि प्रदेशांतून सुमारे चार कोटी उत्तरं आली. २०१८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. प्राण्याआधी माणूस, थोड्यांआधी पुष्कळ आणि म्हाताऱ्यांआधी तरुण, असा जगभर कल दिसला. पूर्वेकडच्या देशांच्या गटात तरुणांना झुकतं माप कमी होतं.

२००१ मध्ये जोशुआ ग्रीन यांनी अशा पेचांवर विचार करणाऱ्यांचे मेंदू एमआरआयमध्ये पाहिले. गाडीसमोर माणसाला स्वतःच्या हातांनी ढकलायचं असेल तर भावनेशी जोडलेले भाग जास्त जागे होतात, रूळ बदलणारा खटका ओढायचा असेल तर कमी. मानेसरच्या मेंदू संशोधन केंद्रातही एमआरआयवर माणसांचा अभ्यास होतो. देवनागरी वाचताना मेंदूत काय घडतं हे तिथे पाहिलं गेलं आहे. पण ग्रीन यांचा मुद्दा मानेसरच्या रस्त्यावरही कळतो. ज्याचा हात यंत्रात जातो त्याच्यापासून दर ठरवणारा जितका लांब, तितका त्याच्या मनाला तो खटकाच असतो.

या शास्त्राचीही परीक्षा

या प्रयोगांवर आंधळा विश्वास ठेवायचं कारण नाही. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतून आले होते. अभ्यासकांनी प्रायोगिक तत्त्वज्ञानातले ४० जुने प्रयोग नव्याने करून पाहिले तेव्हा सुमारे ७० टक्के पुन्हा तसेच आले. समाजविज्ञानात हे चांगलंच म्हणायचं, तरी तीस टक्के गळाले. आणि नोबचा प्रयोग टिकला असला तरी त्याचा अर्थ काय यावर भांडण चालू आहे. एदुआर माशेरी म्हणतात, यात नीतीचा संबंध कमी; मोबदल्यासाठी जाणूनबुजून मोजलेली कोणतीही किंमत लोकांना ‘मुद्दाम’ वाटते. टपरीवरचा साथीदारही बहुधा हेच सांगत होता.

मला मात्र भांडणाच्या आतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘मुद्दाम’ हा शब्द माणसं वस्तुस्थिती सांगायला वापरतात असं दिसतं, पण अनेकदा तो निकालाचा शिक्का असतो. एकदा शिक्का मारायचा ठरला की पुरावा त्याच्या मागून येतो, कधी वर्णमालेच्या क्रमानेसुद्धा.

बोटांचा भाव

मग उपाय काय? शंभर वर्षांपूर्वी कायद्याने एक उपाय काढला होता. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने सांगितलं, चूक कोणाची हे विचारत बसू नका. कामावर इजा झाली ना, भरपाई द्या. त्याच्या अनुसूचीत शरीराचा भाव ठरलेला होता. अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. ईएसआयच्या कायद्यातही असंच वाटप होतं. वाचताना अंगावर काटा येतो, पण या थंड यादीचा उपकार असा की कामगाराला मालकाच्या मनात काय होतं ते सिद्ध करावं लागत नसे.

त्याच कायद्यात ‘मुद्दाम’ एका ठिकाणी मात्र येत असे, आणि तो कामगारासाठी. सुरक्षेसाठी बसवलेलं साधन कामगाराने मुद्दाम काढलं असं मालकाने दाखवलं, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलेलं नसल्यास भरपाई नाकारता येत असे. दोन बोटं म्हणजे अंशतः अपंगत्व. म्हणजे सेन्सर कोणी काढला, हा प्रश्न विचारला जाई तो दोन बोटं नसलेल्या हातालाच. दुसऱ्या बाजूला, यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा घालण्याचं बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यानेच घातलेलं होतं. तिथे हेतूचा प्रश्नच नव्हता.

मारुतीच्या बडतर्फ कामगारांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मानेसरला पुन्हा धरणं धरलं; निर्दोष सुटूनही नोकरी परत का नाही, हा त्यांचा सवाल होता. प्रेसशॉपमध्ये आजही आकडे पूर्ण करायचे आहेत. आपण इथे महाराष्ट्रात चाकण-वाळूजच्या प्रेसमधून निघालेल्या पट्ट्यांच्याच गाड्या चालवतो, तेव्हा हा हरियाणाचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी कोणाबद्दल ‘त्याने मुद्दाम केलं’ असं तोंडातून निघेल तेव्हा एक करून पाहा. तोच माणूस, तीच बेफिकिरी, पण शेवट चांगला झाला असं धरा. तेव्हाही ‘मुद्दाम’ म्हणाल का? नाही म्हणाल, तर त्याच्या मनाची चौकशी सोडा आणि सरळ विचारा, त्याला माहीत होतं का, आणि थांबवणं त्याच्या हातात होतं का. पॉवर प्रेसवर बसणाऱ्या माणसासाठी एवढे दोनच प्रश्न पुरेसे आहेत, आणि त्यांची उत्तरं मानेसरमध्ये प्रत्येक मजल्यावरच्या माणसाला ठाऊक आहेत.